सेवकाने जबाब कोणाला द्यायचा?

सेवाकार्याची छायाचित्रे प्रसिद्ध करावीत की करू नयेत, हा वाद ख्रिस्ती वर्तुळांत अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वचनांवर येऊन अडतो. ब्लँकेट वाटणारे हात, रुग्णाच्या उशाशी बसलेली परिचारिका, रांगेत उभी केलेली मुले आणि त्यांच्या मागे संस्थेच्या नावाचा फलक, असे एखादे छायाचित्र समोर आले की एक पक्ष बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतो: दानधर्म करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये. दुसरा पक्ष त्याच शुभवर्तमानात एक पान मागे जातो: तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. दोन्ही वचने येशूच्या डोंगरावरील प्रवचनातलीच. वचनाला वचन भिडते, कोणीच हरत नाही आणि शेवटी गाडी एकमेकांच्या मनातले ओळखण्यावर येते. हे सारे मिरवण्यासाठी चालले आहे, असे एक म्हणतो; तुम्हाला काही करायचे नसते म्हणून तुम्ही नम्रतेचा आडोसा घेता, असे दुसरा सुनावतो.

माझ्या मते हा वाद मुळातच चुकीच्या जागी चालला आहे. दोन्ही पक्षांची नजर सेवा करणाऱ्यावर खिळलेली आहे. त्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, एवढाच काय तो त्यांच्यातला मतभेद. ज्याची सेवा झाली तो माणूस छायाचित्रात आहे, पण वादात कुठेच नाही. ख्रिस्ती पाचारण, म्हणजे देवाने दिलेली सेवेची हाक, नम्रतेने जगले जात आहे की नाही, याची चार लोकांना पटेल अशी कसोटी सेवकाच्या अंतःकरणात सापडणार नाही, कारण तिथे देवाखेरीज कोणाची नजर पोचत नाही. ती सेवा घेणाऱ्याच्या अधिकारात शोधावी लागते. त्याला नाही म्हणता येते का? तक्रार करता येते का? त्याच्या तक्रारीने कामाची रीत बदलते का? आज जो घेणारा आहे तो उद्या त्याच कामात निर्णय घेणारा होऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर छायाचित्र छापले काय आणि न छापले काय, फारसे बिघडत नाही. ती नकारार्थी असतील, तर कॅमेरा कपाटात कुलूपबंद करून ठेवला तरी त्या सेवेत नम्रता येत नाही.

प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्र लिहिताना पाचारण आणि नम्रता यांची गाठ एका दमात मारली आहे, आणि तीही स्वतः बंदिवासात असताना. तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असे चाला, असे सांगून तो लगेच नम्रता, सौम्यता आणि सहनशीलता यांनी एकमेकांना वागवून घेण्याबद्दल बोलतो. म्हणजे त्याच्या लेखी नम्रता ही एकट्याने मनात जपायची ठेव नव्हे. दुसरा माणूस समोर असल्याखेरीज तिला अर्थच नाही. एकांतात नम्र असणे कोणालाही जमते, कारण तिथे उलट बोलणारे कोणी नसते. योहानाच्या तेराव्या अध्यायातला प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. येशू भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. आपण सहसा इथेच थांबतो आणि प्रभूच्या लीनतेवर प्रवचन करतो. पण प्रसंग पुढे आहे. त्यांच्यातला पेत्र अडवतो: माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. येशू त्याला समजावतो, तेव्हा पेत्र दुसऱ्या टोकाला जातो आणि हातही धू, डोकेही धू, असे म्हणतो; तेही येशू मान्य करत नाही. सेवा चालू असतानाच तिच्याविषयी वाद होतो आहे आणि तो वाद उद्धटपणा ठरत नाही. शेवटी वस्त्रे घालून बसल्यावर येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता. आपला अधिकार त्याने नाकारलेला नाही. अधिकार हातात ठेवूनही ज्याचे पाय धुतो त्याचे बोलणे ऐकून घेणे, एवढी कठीण गोष्ट तिथे घडली आहे.

या प्रसंगाचा पुढे विधी झाला आणि विधीचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ पुण्य गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) आपल्या वयाच्या वर्षांइतक्या गरीब स्त्रियांचे पाय धूत असे. त्या प्रसंगाच्या वर्णनांत एक तपशील आहे: राणी येण्यापूर्वी तेच पाय परटिणीने आणि दानधर्म खात्यातल्या अधिकाऱ्यांनी आळीपाळीने धुऊन ठेवलेले असत. मग राणी गुडघे टेकून सुगंधी पाण्याने ते पुन्हा धुई. राणीच्या मनात खरी भक्ती नसेल, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. कदाचित पुरेपूर असेल. गुडघेही खरेच टेकले जात होते. एकच गोष्ट त्या सोहळ्यात शिल्लक राहिली नव्हती: समोर बसलेल्या बाईला पेत्रासारखे 'नको' म्हणण्याची सोय. आपल्या आजच्या किती सेवाकार्यांत ती सोय शिल्लक आहे?

आता समोरच्या बाजूंनी जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवे. छायाचित्रांना विरोध करणारे हेतूचा प्रश्न उगाच काढत नाहीत. दान देताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांबद्दल येशू इतक्या परखडपणे बोलला आहे की ते अतिशयोक्त विनोदात मोडावे. प्रशंसेची चटक लागली की सेवेची निवडही तिच्याच कलाने होऊ लागते, हे कोणत्याही संस्थेत डोळसपणे वावरणाऱ्याला ठाऊक असते. जे चित्रात चांगले दिसते ते आधी होते; अंथरुणाला खिळलेल्या, चिडक्या, कधीच आभार न मानणाऱ्या म्हाताऱ्याकडे जायला मात्र कोणाला वेळ मिळत नाही. हे सगळे खरे. तरीही मत्तयाचा सहावा अध्याय देणाऱ्याने स्वतःला लावायचा आहे. शेजाऱ्याचे मन तपासण्याचा तो परवाना नव्हे. आणि त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभे असलेले लोक गोंधळून विचारतात की प्रभो, तुला भुकेला किंवा आजारी आम्ही पाहिले तरी कधी? आपल्या हेतूची शुद्धता त्यांनी जपली होती की नाही, याचा तिथे उल्लेखही नाही. हिशेब होतो तो भुकेल्याला अन्न मिळाले का, तुरुंगातल्याला कोणी भेटले का, याचा. आणि त्या भुकेल्याच्या वतीने बोलणारा स्वतः न्यायासनावर बसलेला आहे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे त्याहून व्यवहारी आहे. लोकांच्या पैशावर काम चालते, तेव्हा ते दिसलेच पाहिजे. हिशेब झाकून ठेवणाऱ्या संस्थेच्या नम्रतेवर विश्वास कोणी आणि का ठेवावा? शिवाय सत्कर्मे पाहून बाहेरच्यांचे मत बदलते, याला इतिहासाचा पुरावा आहे. इ.स. ३६२ मध्ये रोमन सम्राट ज्युलियनने गॅलेशियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात चरफडत कबूल केले की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. ख्रिस्ती धर्म मोडून काढू पाहणाऱ्या माणसाने दिलेले हे प्रशस्तिपत्र कोणत्याही पत्रकापेक्षा मोलाचे आहे. मात्र ज्युलियनला ते कळले कसे, हे विसरू नये. ज्यांना अन्न मिळाले त्या माणसांचे बोलणे गावोगाव पसरले असणार. साक्ष अन्न घेणाऱ्यांची होती.

सेवा लपवली की ती आपोआप निर्मळ राहते, हा समज मात्र मी अजिबात मान्य करणार नाही, आणि त्याला कारण अलीकडचे आहे. ज्याँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन माणसांबरोबर राहायला सुरुवात केली. त्यातून 'लार्श' या नावाची जगभर पसरलेली बिरादरी उभी राहिली. साधे राहणे, हळू बोलणे, दुर्बळांकडून शिकण्याची भाषा; आमच्या पिढीतल्या कित्येकांसाठी नम्र ख्रिस्ती सेवेचे याहून जिवंत उदाहरण नव्हते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२० च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अभ्यासात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. या माणसाच्या नम्रतेबद्दल कोणाला शंका आली होती? हेतू पारखण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे धर्मगुरू, विचारवंत, पत्रकार सगळे त्याच्या साधेपणापुढे विरघळले. कमी पडले ते एकच: त्या स्त्रियांचा शब्द त्या संताच्या शब्दाइतकाच मानला जाईल अशी जागा. लार्शने स्वतःहून हे सत्य बाहेर काढले आणि आपल्या संस्थापकाचे नाव न वाचवता त्या स्त्रियांचे म्हणणे छापले. नम्रतेचा धडा त्या संस्थेच्या इतिहासात कुठे शोधायचा असेल, तर मी तो संस्थापकाच्या साधेपणात शोधणार नाही, त्या अहवालांत शोधेन.

चित्रांचाच विषय निघाला आहे, तर एक जुने चित्र आठवते. १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये मंडळ स्थापन झाले, त्याच्या शिक्क्यावर साखळदंडांत जखडलेला एक आफ्रिकी माणूस गुडघे टेकून, हात जोडून विचारतो: मी माणूस नाही का, तुमचा बंधू नाही का? जोसाया वेजवुडच्या कारखान्याने त्याची पदके काढली आणि इंग्लंडमधल्या स्त्रिया ती दागिन्यांत जडवून मिरवू लागल्या. या चळवळीला नावे ठेवण्याची माझी योग्यता नाही. या चळवळीतला खासदार विल्यम विल्बरफोर्स धार्मिक परिवर्तनानंतर संसद सोडण्याच्या विचारात होता. स्वतः कधीकाळी गुलामांच्या जहाजावर कप्तान असलेल्या जॉन न्यूटनने त्याला सांगितले की तुझे पाचारण संसदेतच आहे, तिथेच राहा. १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार कायद्याने थांबला, १८३३ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. पण त्या पदकावरचा माणूस गुडघ्यांवरच आहे आणि त्याचा प्रश्न वर बघत विचारलेला आहे. उलट १७८९ मध्ये, एकेकाळी गुलाम असलेल्या ओलाउदा इक्वियानोने आपली जीवनकथा स्वतः लिहून, स्वतः वर्गणीदार गोळा करून प्रसिद्ध केली, गावोगाव फिरून विकली आणि तीत ख्रिस्ती म्हणवणाऱ्या मालकांना सरळ जाब विचारला. त्याच चळवळीतली ही दोन चित्रे. पहिल्याने पाहणाऱ्याच्या मनात दया जागी होते, दुसऱ्याने त्याला उत्तर देणे भाग पडते. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती सेवेची कसोटी दुसऱ्या चित्रापुढे लागते. म्हणून छायाचित्र काढण्याविषयी मला कोणी विचारलेच तर मी एवढेच विचारीन की त्यातल्या माणसाने ते पाहिले आहे का, आणि काढून टाका म्हटल्यावर ते निघेल का.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो छायाचित्रांच्या वादात कोणी काढतही नाही. नम्रतेचा उपदेश शतकानुशतके वरच्यांनी खालच्यांना केला आहे. मालकाने गुलामाला, नवऱ्याने बायकोला, मिशनऱ्याने नवख्रिस्ती माणसाला. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये आपल्या आत्मकथनाच्या शेवटी बजावले की या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जास्तीत जास्त असू शकेल तेवढे अंतर आहे. आठवडाभर चाबूक ओढणारा माणूस रविवारी नम्र येशूचा सेवक म्हणून व्यासपीठावर उभा राहतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ मध्ये ख्रिस्ती नम्रतेला गुलामांची नीती म्हटले, पण गुलामीतून आलेल्या माणसाचा हा आरोप मला नीत्शेच्या आरोपापेक्षा अधिक बोचतो. त्यावर वचने दाखवून सुटका होत नाही, कारण कठोर धन्याच्याही अधीन राहा असे गुलामांना सांगणारे वाक्य पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे आणि ते नाही असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही नव्या कराराचा मोठा प्रवाह कुठून कुठे वाहतो? फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात नम्र होतो तो देवाच्या स्वरूपाचा असलेला. तो स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो. मरियेच्या गीतात अधिपती आसनांवरून खाली ओढले जातात आणि दीन उंचावले जातात. वरून खाली येण्याची हाक ज्याला दिली आहे तो खाली असलेल्याला आणखी वाकायला सांगू लागला, की पाचारण उलटे झाले म्हणून समजावे.

हे उलटे होणे किती सहज घडते, ते पाहायला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरकडे जावे. १५२० मध्ये त्याने लिहिले की ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र स्वामी असतो, कोणाच्याही अधीन नसतो. आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक असतो, सर्वांच्या अधीन असतो. मोची, गृहिणी, न्यायाधीश यांच्या रोजच्या कामाला त्याने भिक्षूच्या व्रताच्या बरोबरीचा मान दिला, आणि पाचारण म्हणजे केवळ पाळकाची किंवा जोगिणीची (ननची) गोष्ट नव्हे ही आपली आजची समजूत बऱ्याच अंशी त्याचीच देणगी आहे. पाचच वर्षांनी, १५२५ मध्ये, जर्मन शेतकऱ्यांनी बारा कलमांचे मागणीपत्र काढले. पहिले कलम आपला पाळक निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार मागते. बारावे कलम तर लखलखीत आहे: यातली कोणतीही मागणी देवाच्या वचनाविरुद्ध आहे असे दाखवून द्या, आम्ही ती मागे घेऊ. नम्रता याहून वेगळी काय असते? ल्यूथरने आधी जमीनदारांनाही चार शब्द सुनावले, हे नमूद केले पाहिजे. पण दंगे भडकल्यावर त्याने जे पत्रक लिहिले त्यात शेतकऱ्यांना मारा, कापा, असे राजांना सांगितले. दंग्यांत रक्त सांडले होते, त्याची भीती खोटी नव्हती. तरीही सर्वांचा सेवक म्हणवणाऱ्याला ज्यांची सेवा करायची त्यांचे मागणीपत्र शेवटी बंडखोरीच वाटले, ही गोष्ट उरतेच.

आपल्याकडची पंडिता रमाबाईंची कहाणी हेच दुसऱ्या बाजूने सांगते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला, शिकवले, माया लावली. ही सेवा खरी होती. पण रमाबाई प्रश्न विचारू लागल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? आपल्या विवेकाचा निर्णय बिशपने का घ्यावा? चेल्टनहॅममध्ये पुरुषांना शिकवण्याची संधी आली तर वरिष्ठांनी ती का अडवावी? या पत्रव्यवहारात त्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन यांना वारंवार रमाबाईंचा अहंकार दिसतो. रमाबाईंनी मात्र स्पष्ट कळवले की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सदस्य आहे, पण प्रत्येक पाळकाच्या किंवा बिशपच्या तोंडून पडेल तो शब्द मानायला बांधलेली नाही. सेवा घेणारी बोलू लागली की ती गर्विष्ठ ठरते, हा अनुभव तेव्हाचाच आहे असे नाही. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावला आणले, तेव्हा देणाऱ्याच्या जागेवर त्या स्वतः आल्या. तिथे त्यांनी नुसते अन्न वाटले नाही. विणकाम, शेती, छपाई यांत त्या मुलींना तयार केले. हिब्रू आणि ग्रीकमधून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापायचे झाले, तेव्हा खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंतचे काम केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातल्या स्त्रियांनी केले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. एकेकाळी उपाशीपोटी आणलेल्या मुलींनी आपल्या पालनकर्तीचे अपुरे काम तिच्या माघारी पुरे करावे, हे सेवेचे यश मला जेवणाऱ्यांच्या संख्येत मोजता येत नाही.

यावर एक रास्त शंका निघते. घेणाऱ्याला जबाब द्यायचा म्हणजे तो म्हणेल तसे वागायचे का? रोग्याला कडू औषध नको असते, विद्यार्थ्याला परीक्षा नको असते, व्यसनी माणसाला पैसे हवे असतात. लोकांची मर्जी राखणे म्हणजे सेवा नव्हे, हे मला मान्य आहे. याचे उत्तर मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे आणि ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. याकोब आणि योहान येशूकडे मानाच्या जागा मागायला येतात, तेव्हा तो विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? थोड्या ओळींनी वाटेच्या कडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो, लोक त्याला गप्प बसवू पाहतात, आणि येशू त्यालाही तोच प्रश्न विचारतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे उघड असतानाही विचारतो. पहिली मागणी तो नाकारतो, दुसरी पुरी करतो. विचारणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण न विचारता मान्य करणे किंवा नाकारणे येशूला तिथे पुरेसे वाटलेले नाही. त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली, यहुदी नसलेली सुरफुनीकी बाई तर त्याच्या नकारालाच प्रत्युत्तर देते, आणि तिच्या त्या बोलण्यामुळे तो तिची विनंती मान्य करतो. आणि लूकाच्या सतराव्या अध्यायात बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत येतो, तेव्हा उरलेल्या नवांचा आजार परत आणला जात नाही. श्रद्धेच्या अटीवर सेवा देण्याचा आरोप आपल्यावर होतो तेव्हा चिडण्याआधी या नवांची आठवण ठेवावी. नाही म्हणण्याचा किंवा नुसतेच निघून जाण्याचा अधिकार ज्या सेवेत नाही, तिच्याबद्दलचा तो आरोप खराच असतो.

नम्र सेवक म्हणजे मवाळ सेवक, ही समजूतही याच ओघात जायला हवी. फादर दामियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्यांनी घरे बांधली, शवपेट्या ठोकल्या, आणि लाकूड, औषधे, पाणी यांसाठी आरोग्य मंडळाचे अक्षरशः डोके खाल्ले. वरिष्ठांना ते हट्टी वाटत. १८८९ मध्ये त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाल्यावर होनोलुलूच्या एका प्रॉटेस्टंट पाळकाने त्यांना गावंढळ, अस्वच्छ आणि हेकट म्हटले. दुसऱ्याच वर्षी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने त्या पाळकाला खुले उत्तर लिहिले, ते त्यातले अर्धेअधिक दोष मान्य करूनच. वसाहतीतल्या पहिल्याच वर्षी आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात दामियन सांगतात की प्रवचनात मी 'आम्ही कुष्ठरोगी' असे म्हणतो. तेव्हा ते रोगी नव्हते. हा माणूस अधिकाऱ्यांशी भांडत होता आणि रोग्यांच्या रांगेत उभा होता. आपल्यातले बरेच जण अगदी उलटे करतात, अधिकाऱ्यांपुढे नम्र आणि रोग्यांवर वसकन ओरडणारे.

शेवटी, हे सारे संस्थांपुरते नाही. ज्याच्या सेवेचे छायाचित्र कधीच निघणार नाही अशा कारकुनाचे, शिक्षकाचे, आईबापांचे पाचारण याच मापाने मोजावे लागते. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीतल्या नम्रतेच्या बारा पायऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात. तिच्यातल्या दुसऱ्या दोन तरतुदी क्वचितच कोणी सांगतो. महत्त्वाचा निर्णय घेताना मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, कारण पुष्कळदा प्रभू उत्तम मार्ग सर्वांत धाकट्याला दाखवतो. आणि बाहेरून आलेल्या पाहुण्या भिक्षूने मठात काही दोष दाखवला तर मठाधिपतीने विचार करावा, न जाणो प्रभूने त्याला त्याचसाठी पाठवले असेल. आपल्या वर्गातल्या, कार्यालयातल्या, घरातल्या धाकट्याने दाखवलेला दोष आपण शेवटचा कधी मनावर घेतला होता?

तक्रारी ऐकत बसलो तर मूळ कामाला, म्हणजे वचनाच्या सेवेला, वेळ कुठून काढायचा, असे मंडळ्यांतून हमखास विचारले जाते, आणि आधार दिला जातो तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाचा: वचन सोडून पंक्तिसेवा करणे आम्हाला ठीक नाही, असे प्रेषित तिथे म्हणतात. पण त्या वाक्याच्या आधी काय घडले आहे? रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषक शिष्यांनी कुरकुर केली आहे. हीच का तुमची कृतज्ञता, असे प्रेषितांनी त्यांना विचारले नाही. वाटप करणाऱ्यांच्या हेतूची चौकशीही मांडली नाही. सगळ्या मंडळीला बोलावून त्यांनी सांगितले की तुमच्यातून सात माणसे निवडा. आणि निवडलेल्या सातांची नावे, स्तेफनापासून नीकलावापर्यंत, एकजात ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटपाच्या किल्ल्या गेल्या. पुढे पंक्तीसाठी नेमलेला हा स्तेफन भर सभेत वचनाची साक्ष देत पहिला रक्तसाक्षी होतो आणि सातांतलाच फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. त्या विधवांसाठी बोलणाऱ्यांना कुरकुरे म्हणून गप्प बसवले असते, तर या दोघांची नावेसुद्धा आपल्यापर्यंत पोचली नसती.